खांद्याच्या फर्म्याची अट

९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी परवाना ठरवतेय असं फोनवर म्हटलं आणि तुम्ही गल्लीभर मी गाडी घेतल्याचं सांगितलंत, हे आईकडून कळलं. गाडी नाही, बाबा. म्हणून सविस्तर लिहिते.

एक खांदा उतरलेल्या गिऱ्हाइकासाठी तुम्ही कापड बेतायला कागदी फर्मा काढता, तसा काढणारा प्रोग्राम मी आणि ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीनं, चष्मिशनं, मिळून लिहिलाय. मापं घेणारा भाग तिचा, खांद्याचं गणित माझं. तो सगळ्यांना खुला करायचाय, आणि कोणत्या अटीवर घ्यायचा ते लिहून द्यावं लागतं. तो परवाना. माझं म्हणणं, कोणीही घ्या, बदला, विका. पण सुधारून पुढे दिलात तर तुमची सुधारणाही अशीच उघडी ठेवा. चष्मिश म्हणते, आमचं नाव तेवढं राहू द्या, बाकी तुमची मर्जी. तयार कपड्यांच्या एका कंपनीला प्रोग्राम हवाय आणि सोबत चष्मिशही नोकरीला हवी आहे, पण माझी अट नको. चष्मिशनं विचारलं, उतरल्या खांद्याच्या माणसाला अंगासरसा सदरा मिळाला, तर कंपनीनं आत काय दडवलं याच्याशी त्याला काय करायचंय?

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून तू विकली गेलीस असं म्हणाले. तेव्हापासून ती दुसऱ्या टेबलावर बसते. या शहरात माझ्या डब्यात न विचारता हात घालणारं तेवढं एकच माणूस होतं. काल दिवसभरात मी फक्त लिफ्टवाल्याशी बोलले, तेही तिसरा मजला एवढंच.

अट काढून टाकलेल्या करारावर कंपनीला दोघींची सही हवी. तुम्ही काय केलं असतंत?

तुमची,
कात्री


१४ फेब्रुवारी

चि. कात्रीस अनेक आशीर्वाद.

शेजारचा घड्याळजी अजून गाडीचा रंग विचारतो. असो.

काय केलं असतं म्हणतेस. मी करून बसलोय. हा फर्मा मी मागेल त्याला दिला. अट एकच, सुधारलात तर कागदावर काढून माझ्या दुकानातल्या खिळ्याला टोचून जा. पुष्कळांनी टोचले. तुझ्या मामानं काखेतला ताण घालवायची युक्ती काढली आणि स्वतःपाशी ठेवली. भर दुकानात मी त्याला चोर म्हणालो. अकरा वर्षं झाली. तो पलीकडच्या गल्लीत शिवतो, मी वळसा घालून जातो. तुझी आई भावाकडे एकटी जाते.

अट चुकली असं मला आजही वाटत नाही. एकट्याच्या डोक्यातून फर्मा इतका नेमका झाला नसता. पण तुझ्या मैत्रिणीचंही खोटं नाही. मामाकडूनही बरेच उतरले खांदे नीट झाकून गेले. चुकलं ते असं, की अट होती फर्म्याची आणि मी ती बोलण्याचालण्याला लावली. माझी शिवण आता उसवत नाही. तुझी अजून कच्च्या टाक्यांवर आहे, उसवता येईल.

सही कर की नको ते सांगणार नाही. कॉलेजात तू गेलीस, मी नाही.

जेवण टाळू नकोस.

तुझा,
बाबा


१९ फेब्रुवारी

प्रिय चष्मिश,
स. न. वि. वि. (हस खुशाल.)

मोबाईलवरचे माझे मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून कागद. तुझ्या टेबलावर ठेवायचा धीर होईना, तेव्हा पोस्टानं पाठवते. सहा पावलांचं अंतर आहे, पोचायला तीन दिवस लागतील.

मी सही करणार नाही. खांद्याच्या गणितावर अट राहील. मापांचा भाग तुझा आहे, तो तू विनाअट दे; माझी हरकत नसल्याचं लिहून सोबत जोडलंय. खांद्याशिवाय त्यांना तो फारसा उपयोगी नाही, हे मला माहीत आहे. ते कदाचित मागे फिरतील, आणि तुझी तिथली जागाही जाईल. हे जाणून करतेय, तेव्हा तू राग धरलास तर तो रास्तच.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सापडत नाही एवढंच त्या दिवशी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी जे बोलले ते मागे घेते. अट मात्र मागे घेत नाही.

एक वाजता मी खिडकीजवळच्या टेबलावर असते. डबा दोघींपुरता भरायची सवय सुटलेली नाही. आलीस तर परवान्याबद्दल बोलायलाच हवं असं काही नाही. नाही आलीस, तरी मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

लोभाला अट नाही. उरला असेल तर असू दे.

तुझी,
हट्टी