मधल्या खोलीतली हाक

प्रिय वरद,

फोनवर तू कायम घाईत असतोस आणि मला जे सांगायचंय ते घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

तुझा गेम मी खेळले. हसू नकोस. शेजारच्या गोरखकाकांची श्रावणी आता भोरला कॉलेजात जाते, तिच्या लॅपटॉपवर होता. वरददादांचा गेम लई भारी आहे, पण जाम छळतो, असं म्हणाली. रविवारी दुपारी आईला भरवून झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन आली आणि मला शेजारी बसवून बटणं शिकवली.

गेममधलं घर तू वेल्ह्याच्या मामांचं घेतलंयस. पायऱ्या बघताक्षणी ओळखल्या. पहिल्यांदा आत शिरले तेव्हा खरंच घाबरले होते. टॉर्चची बॅटरी संपत येते, पुढचं नीट दिसत नाही, आणि वर माळ्यावर कुणीतरी चालतंय. पण मेलं की पुन्हा पायऱ्यांपासून सुरू. पुन्हा तोच ओटा, तेच दार, तोच किल्लीचा शोध. सातव्या-आठव्या वेळी मला भीती वाटेनाशी झाली, नुसता राग यायला लागला. श्रावणी म्हणाली, सगळेच तुला ह्यावरूनच शिव्या घालतात. एकदा मेलं तर माणूस घाबरतो, दहादा मेलं तर वैतागतो.

मग कशीबशी मधल्या खोलीपर्यंत पोचले, आणि आतून आईचा आवाज आला. "आलास व्हय? ये की आत. जेवलास का न्हाई?"

मी थांबले. दुसरं काय करणार होते? दार उघडलं, काळं काहीतरी अंगावर आलं आणि खेळ संपला. पुढच्या वेळी पुन्हा थांबले, त्याच्या पुढच्या वेळीही. शेवटी श्रावणीनं माझ्या हातातून लॅपटॉप घेतला. "ताई, तिथं थांबायचंच न्हाई. हाक आली की पळत सुटायचं. जो थांबतो तो मरतो." ती पळाली आणि सरळ स्वयंपाकघरात पोचली. तिला तो आवाज कुणाचा ते कळलं नाही. गेममध्ये तू तो घोगरा केलायस, आणि आजारपणानंतरचं आईचं बोलणं तिनं फारसं ऐकलेलंही नाही. मी सांगितलं नाही.

आईची डावी बाजू गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ओसरीवर कुणाचंही पाऊल वाजलं, दूधवाल्याचं का असेना, की तिला वाटतं तू आलास. आणि तू खरंच यायचास तेव्हा कानात इअरफोन घालून तिच्या दारावरून सरळ स्वयंपाकघरात यायचास. ती झोपलीय का, असं मला हळूच विचारायचास. तुला तिचे हाल बघवत नाहीत, असं मी धोंडाबाई मावशीला सांगत राहिले. मावशीनं विश्वास ठेवला नाही. मी ठेवला.

म्हणून गेल्या दिवाळीत तू तीन दुपारी तिच्या खाटेशी बसलास तेव्हा मला रडू आलं होतं. आठवण म्हणून आवाज भरून ठेवतोय, म्हणालास. मी मिक्सर लावला नाही, कुकर लावला नाही, दारात येणाऱ्याला खुणेनं परत पाठवलं. आई नंतर महिनाभर येईल त्याला सांगत होती, पोरगा तीन दिस माझ्यापाशी बसला. त्या हाकेत ती आधी तुझं नाव घ्यायची. तेवढं कापून टाकलंस.

तुझी मुलाखतही पाहिली. अनोळखी भुतापेक्षा मायेनं बोलावणारं माणूस जास्त घाबरवतं, असं तू छान समजावून सांगितलंस. पटलं मला. मग मुलाखत घेणाऱ्या मुलानं विचारलं, आवाज कुणाचा? तू म्हणालास, "गावाकडची एक म्हातारी मिळाली." मी ते दोनदा ऐकलं. मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली.

आता हे पत्र का, ते सांगते. गेमच्या दुसऱ्या भागासाठी आणखी आवाज हवाय, पुढच्या रविवारी माइक घेऊन येतो, आईला ताजीतवानी ठेव, असा तुझा मेसेज सोमवारी आला. मंगळवारी सकाळी तिला दुसरा झटका आला. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतास. जिवाला धोका नाही, पण वाचा गेलीय, आणि ती परत येईल असं भोरचे डॉक्टर म्हणत नाहीत. काल तिला घरी आणलं. माझ्या फोनमध्ये तिचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. मी श्रावणीकडून लॅपटॉप मागून आणला. एकदा हाक ऐकायची म्हणजे पंधरा मिनिटं अंधारात चाचपडायचं आणि मग मरायचं. त्या तीन दुपारींचं सगळं रेकॉर्डिंग, काहीही न कापता, मला आणून दे. रविवारी नक्की ये, माइक नको. तिला ऐकू येतं, समजतंही सगळं. पण आता ती बोलवणार नाही, काही विचारणारही नाही. आत जाऊन जे काही बोलायचं ते तुलाच बोलावं लागेल.

तुझी थोरली,
शेफाली