मावशीच्या आसनावरचे लाल टाके

ती. मावशी,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे ठीक आहेत. चित्त मात्र जागेवर नाही. चार दिवसांत हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा तब्येतीच्या चौकशीपाशी अडकले, कारण त्यापुढे कबुली आहे. तुझं ध्यानाला बसायचं आसन मी नेलं. हल्ली तू बसतेस ते बाजारातलं आहे. (टाका घालायला गेलीस तेव्हाच कळलं असेल. तू बोलली नाहीस, याचीच धास्ती आहे.)

झालं असं. माझा प्रबंध बायकांची कला, ध्यान आणि शिक्षण या तिन्हींवर आहे. (काका म्हणतात, एकावर तरी धड लिही.) त्यासाठी एका शाळेत आठ शिक्षिकांना मधल्या सुट्टीत दहा मिनिटं डोळे मिटून बसवायचं आणि आत जे दिसेल ते कापडावर टाक्यांनी उमटवायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी शिपाई सूचनावही घेऊन दोनदा आला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक "चालू द्या, चालू द्या" म्हणत आले आणि कपाटात काहीतरी शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी गणिताच्या बाई घोरू लागल्या. आत काय दिसलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही. फार बरं वाटलं." महिनाअखेर माझ्याकडे आठ कोरी कापडं होती आणि चौथं प्रकरण, तेही कोरं.

तेव्हा तुझं आसन आठवलं. बैठक पुरी झाली की निळा टाका, मध्येच कुणी उठवलं की लाल; हे तू मला लहानपणी सांगितलं होतंस, आणि काकांना सांगू नकोस असंही. एकतीस वर्षं झाली. निळा शोधावा लागतो. विचारायलाच आले होते, पण तू बसली होतीस, उठवायचा धीर होईना. तू उठून आत गेलीस आणि मी आसन उचललं, तुला भेट म्हणून आणलेलं बाजारातलं तिथे अंथरलं.

प्रबंधासाठी भरवलेल्या प्रदर्शनात ते भिंतीवर लावलं. काका आले, लांबूनच ओळखलं. "आमच्या हिचं," म्हणून सगळ्यांना दाखवत होते. एकीने विचारलं, इतका लाल का? "तिला आवडतो," काका म्हणाले. "आमच्या घरात शांतता फार, म्हणून जमतं हे."

माझ्या मार्गदर्शक बाई मात्र म्हणाल्या, जिचं आहे तिला विचारलंस? बायकांचं त्यांना न विचारता घेतलं जातं, हे वाक्य माझ्या पहिल्या प्रकरणात नऊदा आहे. (बाईंनी मोजलं.) गुरुवारपर्यंत परवानगीच्या कागदावर तुझी सही आली नाही तर चौथं प्रकरण गाळायचं, आणि त्यावाचून प्रबंध उभाच राहत नाही. निर्णय पूर्णपणे तुझा आहे. नकार दिलास तरी आपल्या संबंधांवर कोणताही परिणाम होणार नाही.

तुझी भाची

ता.क. शेवटची दोन वाक्यं परवानगीच्या छापील नमुन्यातली आहेत, घालावीच लागतात. परिणाम होईल. मी रडेन.

ता.क. त्या लालमध्ये माझे किती? सहा वर्षं तुझ्याकडे राहायला होते. आकडा नको. नुसतं "बरेच" लिहिलंस तरी पुरे.

ता.क. पत्र आणि सहीचा कागद काकांच्याच हाती देते आहे. (पाकीट चिकटवून.) मावशी बसली असेल तर थांबा, असं चारदा बजावलं. म्हणाले, "सहीला असा किती वेळ लागतो?"