पळसाच्या फुलाचा रंग

११ नोव्हेंबर १९४३, दुपार
आजपासून रोजनिशी. मले अक्षर येत नाही. मी सांगते, सून मनकर्णा लिहिते. तिच्याबद्दलची तक्रारही तिनंच लिहायची, अशी अट. पहिली तक्रार: भाकर अजून एका अंगानं कच्चीच. लिही.
लढाईपायी कापसाच्या जिनीले, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याले, नवे बुश मिळत नाहीत. बुश म्हणजे शाफ्ट ज्याच्यात फिरते ते कडं. जुने झिजले, अन् माझा लेक निवृत्ती त्याच शाफ्टवर ड्युटी करते. शाफ्ट उतरला, पट्टा सुटला, की माणसाचं खरं नाही. म्हणून बुश घरीच करायचे. लोखंडाचा अन् तांब्याचा कीस साच्यात भरायचा, भट्टीत तापवायचा, तापलेला असतानाच दाबायचा. कमी तापला तर भुगा, जास्त तापला तर तांबं वाहून जाते. पळसाच्या फुलाचा रंग आला की काढायचा. तो रंग या गावात मलेच कळते. माझे मालक, निवृत्तीचा बाप, मरायच्या आधी शिकवून गेले.

१४ नोव्हेंबर
पहिला बुश. पळस दिसला, काढ म्हटलं. मनकर्णा म्हणे, आत्याबाई, अजून चिंचोक्यावाणी काळपट आहे. मी म्हटलं, डोळे कोणाचे जुने? दाबला. बोटानं चोळला, रांगोळी झाली.
कीस खराब होता.

१५ नोव्हेंबर
संकल्प: घाई नाही. पळस दिसल्यावरही थांबली. तांबं निखाऱ्यावर सांडलं, साचा चिकटला.
कोळसा बाभळीचा नव्हता. कोळसेवाल्याले मोजून शिव्या सांगितल्या. टाकाचा आवाज आला नाही, म्हणजे हिनं लिहिल्या नाहीत.

१९ नोव्हेंबर
जमला! मनकर्णानं न विचारता भाता सोडला. म्हणे, आता काढा. मी तेच म्हणणार होती. घंटीवाणी वाजला. तेलात टाकला तर तान्ह्या लेकरावाणी प्याला. जिनीतला फिटर गफ्फार म्हणे, आई, तुमच्या नजरेले सलाम. मनकर्णा हसली. काऊन, सांगत नाही.

२ डिसेंबर, सकाळ
चांगले बुश होऊन राह्यले. मनकर्णा भावाच्या लग्नाले सोनाळ्याले चालली. म्हणे, मी येईपर्यंत भट्टी लावू नका. मी म्हटलं, बाई, तू भाता ओढते, रंग मी पाह्यते. भाता तर शेजारची तानुबाईही ओढते.

९ डिसेंबर
आताच आली. पाय धुवायच्या आधी लिहायले बसवली.
तू नव्हती तरी काही अडलं नाही. बुश केला. तानुबाई म्हणे, लवकर काढला. तिले काय कळते? वाजवला तर जरा थप वाजला. हवा सर्द होती. गफ्फार म्हणे, आई, हा राहू द्या. निवृत्ती म्हणे, मायनं पाह्यला म्हणजे पाह्यला.
बुश कुठं आहे म्हणते. कुठं म्हणजे? सकाळीच बसवला. लिही ना. अवं, उठली काऊन? लिही

२१ डिसेंबर
ती जिनीत पोचायच्या आधीच झालं होतं. बुशाचा भुगा झाला. शाफ्ट उतरला, पट्टा सुटला. निवृत्तीचा उजवा हात मनगटापासून गेला.
तेल कमी घातलं असंल कोणी.
काल दवाखान्यातून घरी आणला. मले म्हणे, माय, तू जेवली का?

२४ डिसेंबर, संध्याकाळ
निवृत्ती डाव्या हातानं जेवते. सांडते.
संकल्प: आता असा बुश करायचा की जिनीनं त्याले परत बोलवावं. बसल्या कामाले तरी.
अंगणाकडं तोंड करून बसली. समोर भट्टीत रंग आला होता. अस्सल पळस. मी ओरडली, मनकर्णे, काढ, हाच!
ती जवळ येऊन बसली. म्हणे, भट्टी त्या दिवसापासून थंड आहे, आत्याबाई. तिच्यावर यांच्या हाताच्या पट्ट्या वाळत घातल्या. पांढऱ्या आहेत.
मी म्हटलं, ऊन पडलं असंल त्यांच्यावर.
म्हणे, ऊन कधीचंच गेलं.
लिही म्हटलं. टाकाचा आवाज येत राह्यला.