तुझ्या पाठीवरचा माझा पाय

आई, तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि इतक्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं हे कारण मी स्वतःला सांगत आले, पण ते काही खरं नव्हे. लिहायला बसले असते तर एक गोष्ट विचारावी लागली असती आणि ती विचारायची माझी छाती होत नव्हती. तू चौतिसाव्या वर्षी गेलीस. मी आता चौपन्नाची आहे, म्हणजे तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी थोरली, आणि वयानं मोठं झालं की माणूस धीट होतं असं अजिबात नाही. पण गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक बाई आली, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून विचारूनच टाकते. त्या पौषातल्या सकाळी मी तुझ्या पाठीत घातलेल्या लाथेनं तुझे पाय गेले का?

मी जामखेडच्या बाजूला एका गावात आरोग्य सेविका आहे. तुझ्या भाषेत सुई टोचणारी बाई. लसी देते, बाळंतिणींची वजनं करते, आणि महिन्यातून एकदा बायांना देवळासमोर गोळा करून चार गोष्टी सांगते. ओझं कमरेतून वाकून उचलू नका, गुडघे मोडा, ओझं अंगाशी धरा. हंड्यावर हंडा घेऊ नका. उठताना आधी कुशीवर वळा. सात तास झोप घ्या, झोपेतच पाठीला विसावा मिळतो. बाया ऐकतात आणि पदरात हसतात. एक म्हणाली, "म्याडम, हंडा न्हाई घ्यायचा तर पानी काय मोबाईलवर येतंय व्हय?" दुसरी म्हणाली, "सात तास झोपले तर सासू म्हनंल, जा, माहेरीच झोप!" मीही हसते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला स्वतःला पहाटे चारच्या पुढे झोप लागत नाही. स्कूटीवर खड्डे खाऊन कंबर धरलेली असते, आणि अंथरुणात पडून मी कुणीतरी कडी वाजवायची वाट बघते. कुणी वाजवत नाही, तरी वाट बघते.

ती कडी तूच सुरू केलीस. मी उलटी जन्मले, आधी पाय आणि मग डोकं. सुईण तुला म्हणाली, "पायाळू हाय गं पोर, नशीब काढलंस," हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मला वाटायचं, मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं म्हणतात. मला आजवर माझा हरवलेला चष्मासुद्धा सापडलेला नाही. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की तू रानातून पळत येऊन मला घरात कोंडायचीस. पण पायाळूचा पाय लागला की पाठीत भरलेली चमक उतरते, यावर मात्र आजूबाजूच्या सगळ्या वाड्यावस्त्यांचा विश्वास. कुणी पोतं उचलताना धरला जायचा, कुणी नांगर धरताना. नियम असा, की उन्हं पडायच्या आत यायचं, चूळसुद्धा भरायची नाही, आणि सलग तीन सकाळी यायचं. माणूस दाराची चौकट धरून पाठमोरा उभा राहायचा आणि मी ओट्यावर चढून त्याच्या पाठीला तीनदा पाय लावायचे. मग तू मला मागून ढोसायचीस, "थोरामोठ्याला लाथ मारली, पाया पड." आधी लाथ, मग नमस्कार. आणि तो मिशीवाला गडी वर मलाच हात जोडायचा. पैसे घ्यायचे नाहीत हा तुझा कायदा होता. कुणी गुळाचा खडा ठेवला, कुणी मूठभर शेंगा, तर तेवढं मात्र तू घ्यायचीस.

लहान होते तोवर मला या सगळ्याचा माजच होता. जामखेडच्या बाजारातून तू मला लाल पट्ट्यांच्या चपला आणल्यास तो दिवस मला लख्ख आठवतो. बाप असून आबांच्या पायात फाटकं पायताण, तू तर कायमची अनवाणी, आणि मला नव्या चपला. "त्या पायाला काटा लागू नये," म्हणालीस. मी त्या घालून शाळेच्या पटांगणात नुसती मागं-पुढं चालत होते. पण पुढे मी सातवीत गेले आणि माज उतरला. सुगीच्या दिवसांत तर रोज कडी वाजायची, कधी एक माणूस, कधी चार. मी वर्गात पेंगायचे आणि मास्तर मला बाकावर उभं करायचे, चपलांसकट. एकदा मी तुला म्हटलं, आज नको म्हणून सांग ना त्यांना. तू अशी फिरलीस माझ्यावर! "त्यो मानूस रातभर कन्हतोय अन तुला झोप सुचतीय? देवानं पाय दिलाय तो काय अंथरुनात ठिवायला?" त्यानंतर मी तोंडानं कधी नाही म्हटलं नाही.

त्याच साली तुझी पाठ दुखायला लागली. कडब्याचा भारा उचलताना चमक भरली असं तू म्हणालीस आणि मीही तसंच धरून चालले. मी पाय लावला. तीन सकाळी झाल्या, सहा झाल्या, मग आपण मोजायचं सोडून दिलं. तुला वाटलं, पोटच्या पोरीचा पाय आईला गुण देत नसेल. तरी लावून घेत राहिलीस, कारण दुसऱ्या पायाळूकडे जाणं म्हणजे माझा पाय खोटा ठरवणं. दिवाळी झाली आणि तू आडवी व्हायचीच बंद झालीस. बाजरीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचीस. सांजच्याला अंगात कणकण, चोळ्या ढिल्या झालेल्या, आणि शेजारणी म्हणायच्या, बारीक झालीस, बरी दिसतीस. आणि तुला म्हणून सांगते आई, मला तुझी दया येत नव्हती, राग यायचा. तुझ्या कण्हण्यानं माझी उरलीसुरली झोपसुद्धा मोडायची. बारा वर्षांच्या पोरीला कळत नव्हतं असं लोक म्हणतील, पण राग मला चांगला कळत होता.

पौषातली सकाळ आहे. बाहेर कुणी आलेलं नाही, थंडीनं कुत्रीसुद्धा चुलीपाशी येऊन पडली आहेत. आज मला पुरी झोप मिळणार म्हणून मी गोधडी डोक्यावरून घेतलेली आहे. तू हाक मारतेस, मग आणखी एकदा, मग तिसऱ्यांदा. "ऊठ गं बाये, आज मलाच लाव. जरा जोरानं घाल, हलक्यानं गुन येईना." तू घोंगडीवर पालथी पडतेस, आणि पालथं पडायलाच तुला केवढा वेळ लागतो. झोपेच्या गुंगीत मी उठते, गुंगीतच पाय उचलते. अंदाज राहत नाही, आणि तो नको तिथं, नको तेवढ्या जोरात बसतो. तुझ्या तोंडून "अगं" एवढंच निघतं. बराच वेळ तू हलत नाहीस. मग म्हणतेस, "झालं. जा, नीज आता." मी गोधडीत शिरते आणि ऊन तोंडावर येईपर्यंत झोपते, आणि तू मला उठवत नाहीस.

त्या दिवशी तू भाकरीही थापल्यास आणि धारही काढलीस. चौथ्या दिवशी विहिरीवरून येताना डोक्यावरचा हंडा पडला. पाय जड झाल्यात म्हणालीस. रथसप्तमीच्या आत तुला उभं राहता येईना, तेव्हा आबांनी जीप करून तुला नगरला नेलं. त्या गावाला आता अहिल्यानगर म्हणतात, तुला माहीत नसेल. मीही बरोबर होते, तुझं डोकं मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी पाठीचा फोटो बघितला आणि विचारलं, मार लागला होता का? आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत तूच खाटेवरून म्हणालीस, "पोर झोपंत हुती. पाय निसटला. तिला काय बी इचारू नगा." आबांनी खरंच पुन्हा कधी विचारलं नाही. डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन काय बोलले, तेही मला कधी कळलं नाही. तू आणखी सव्वा वर्ष जगलीस, अंथरुणावर, पाठीला जखमा होऊन. गावानं आपली कडी वाजवायचं आपोआप बंद केलं. मी तुझी कूस बदलायचे, आणि तू मला म्हणायचीस, "लई जागू नको, शाळा हाय तुला."

पुढे नोकरी लागल्यावर आमचं प्रशिक्षण झालं. एक वयस्कर डॉक्टर पाठीच्या क्षयरोगाबद्दल सांगत होते. दुखणं रात्री वाढतं, माणसाला आडवं होववत नाही, संध्याकाळी कणकण, वजन उतरतं, आणि शेवटी पायातली ताकद जाते. सगळ्या पोरी भराभरा लिहून घेत होत्या आणि माझं पेन थांबलं, कारण ते तुझंच वर्णन करत होते. तुझ्या पाठीत चमक नव्हतीच कधी. तास संपल्यावर मी त्यांना गाठून विचारलं, अशा पाठीवर कुणी जोरात मारलं तर? ते म्हणाले, "हाड आतून पोखरलेलं असतं. धक्क्यानं खचू शकतं. धक्का न लागताही खचतं." त्या उत्तरावर मी तीस वर्षं काढली. काही दिवस मला अर्धं उत्तर ऐकू येतं, काही दिवस उरलेलं अर्धं. पायाळू असल्याचं मात्र मी नोकरीत कुणालाच कळू दिलं नाही, अगदी नवऱ्यालाही लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

आणि गेल्या आठवड्यात ती बाई आली. खरं तर दोघी आल्या, सासू आणि सून. सून ऊसतोडीवरून परतलेली, सत्तावीस-अठ्ठावीसची, दाराला धरून उभी. सासू आपल्या गावची माहेरवाशीण निघाली. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमी ती पायाळू पोर न्हवं का? व्हय, तुमीच की. ताई, हिच्या पाठीला तेवढा पाय लावा. मोळ्या उचलून चमक भरलीया. तीन सकाळी आनते, गुन न्हाईच आला तर मंग नेते दवाखान्यात." मी सुनेला विचारलं, रात्री झोप लागते का? ती म्हणाली, "न्हाई वो. आडवं झालं की लई ठनकतं. भिताडाला टेकून बसूनच ऱ्हाते." सांजच्याला ताप? "कनकन अस्ती रोज."  तीन सकाळींच्या सहा कशा होतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. आणि नुसतं नाही म्हणावं, तर शेजारच्या गावात एक पायाळू बुवा आहे, तो टाचेनं ठोकतो. दोघी तिकडे जातील हे मला दिसत होतं.

तेव्हा मी आजवर कुणाला न सांगितलेलं बोलले. म्हटलं, "मावशी, माझा पाय लावून घेऊ नका. मी एका बाईच्या पाठीला लावला होता. तीपण अशीच रात्रभर बसून राहायची. तिचं हाड आतून कुजलं होतं. माझ्या लाथेनंतर तिचे पाय गेले, आणि ती मेली." म्हातारी जराशी मागं सरली. "कोन वो?" म्हणाली. मी म्हटलं, "होती एक."  म्हातारी आपल्याच गावची, तिला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण तिनं पुढं काही विचारलं नाही, सुनेचा हात धरला आणि म्हणाली, "चल गं, आजच जाऊ." मीही त्यांच्याबरोबर गेले, फोटो निघेपर्यंत बाकावर बसून राहिले. तोच आजार निघाला. औषध सुरू झालंय, कमरेला पट्टा आहे, आणि डॉक्टर म्हणतात पाय शाबूत राहतील असं वाटतंय. परवा मी त्यांच्या घरी गेले तर सासू चुलीपाशी होती. बोटानं मला गप्प केलं आणि हळूच म्हणाली, "झोपलीया. झोपू द्या." मी गोळ्या बघितल्या आणि तशीच मागं फिरले. बाहेर येऊन स्कूटीपाशी उभी राहून रडले. तुला असं कुणी झोपू दिलं नाही, मीही नाही.

लोक म्हणतील, एक जीव वाचवला, आता मन हलकं झालं असेल. तसं काही झालेलं नाही, उलट 'होती एक' हे दोन शब्द मला टोचत राहतात. तेवढ्यातसुद्धा मी तुला माझी आई म्हटलं नाही. हे सगळं मी लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. ही पानं कुठं धाडायची नाहीत, की कुणाला वाचून दाखवायची नाहीत. फक्त मघाशी एके ठिकाणी मी लिहिलं, की झोपेच्या गुंगीत पाय उचलला आणि अंदाज राहिला नाही. ती ओळ खोडायला पेन टेकवलं होतं, पण राहू दिली, कारण चाळीस वर्षं मी तीच म्हणत आले आहे. तुझंच वाक्य धरून बसले आहे. आई, मी झोपेत नव्हते. तुझ्या पहिल्या हाकेलाच जागी झाले होते आणि मुद्दाम डोळे मिटून पडले होते. तू "जोरानं घाल" म्हणालीस, तेव्हा मी पाय उचलायच्या आधी "घे मग" म्हणाले होते, चांगलं मोठ्यांदा. ते तू ऐकलं होतंस.