‘डावे पाऊल पडते’ या नोंदीचा अर्थ लावण्याबाबत

प्रति,
माननीय कार्यकारी अधिकारी,
दिवाबत्ती विभाग, मुख्य कार्यालय,
तिसरा मजला (जिन्याने).

विषय : ‘डावे पाऊल पडते’ याचा अर्थ ‘चालता येते’ असा होत नसल्याबाबत, आणि सोमवारपासून शिडीवर हजर होण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपला हजर होण्याचा आदेश. २) ‘पाऊल उचलत नाही’ ही आपली नोटीस. ३) सुनावणीला मी गैरहजर असल्याचा शेरा, जो मी जिन्यात बसून स्वतः ऐकला.

महोदय,

मी आपल्या विभागात रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणारा वायरमन असून माझी सगळी नोकरी शिडीवर गेली आहे. अर्ज लिहिण्याची सवय नाही. तरी हल्ली तेच जास्त करतो, त्यामुळे हात बसत चालला आहे. वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे सादर करतो.

१. गेल्या वर्षी बाजाराच्या चौकातील खांबावर काम करत असताना शिडीची वरची पायरी निखळली व मी पाठीवर पडलो. पायरी माझ्या हातात आणि मी रस्त्यावर, हे समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाची दाढी अर्धी ठेवून पाहिले आहे. मुकादमांनी मात्र अहवालात ‘कामगाराचा पाय घसरला’ असे लिहिले. मी इस्पितळात उताणा पडलेलो असताना ते भेटायला आले आणि म्हणाले, “असंच लिहितात रे. पायरी निखळली म्हटलं की शिडीची चौकशी, मग शिडी आणणाऱ्याची चौकशी. पाय काय, कुणाचाही घसरतो.” मुकादम मनाने वाईट नाहीत, येताना फळे घेऊन आले होते. पण त्या दोन शब्दांवरून आपल्या कार्यालयाने मला विचारले की पाय घसरण्यामागे कोणते व्यसन आहे. मला चहाखेरीज व्यसन नाही असे मी कळवले, तेव्हा ‘कामगाराचाच दोष, विभाग जबाबदार नाही’ असा निकाल झाला. चहाचा त्यात काय संबंध आला हे मला आजपर्यंत समजलेले नाही.

२. माझ्या कमरेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकून तिने नस दाबली आहे. ही नस खाली मांडीतून, पोटरीच्या बाजूने पावलापर्यंत जाते. ती दबल्यामुळे डाव्या घोट्यापासून पंजा वर उचलला जात नाही, खाली लोंबतो. चालताना बोटे जमिनीला घासू नयेत म्हणून मला गुडघा उंच उचलावा लागतो, गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखा. पावलाच्या वरच्या बाजूला स्पर्श कळत नाही. चप्पल वाटेत राहून जाते आणि मी तसाच पुढे जातो, मागून कोणीतरी हाक मारते.

३. डॉक्टरांनी कागदावर ‘फूट ड्रॉप’ असे लिहिले. दाखला आपल्या भाषेत हवा असे कार्यालयाने सांगितल्यावर त्यांच्या कंपाउंडरने शब्दाला शब्द ठेवून ‘रुग्णाचे डावे पाऊल पडते’ असे लिहून दिले, शिक्काही मारला. आस्थापना लिपिकांनी ते वाचले आणि म्हणाले, “पाऊल पडतंय ना? मग झालं की. आमचंही तसंच पडतं.” लगेच आदेश निघाला की ज्याअर्थी पाऊल पडते त्याअर्थी शिडीवर हजर व्हावे.

४. मी कंपाउंडरकडे पुन्हा गेलो. ते म्हणाले, “एवढंच ना, सोपं करून देतो.” त्यांनी नव्या दाखल्यात ‘रुग्ण डावे पाऊल उचलत नाही’ असे लिहिले. त्यावर आपली नोटीस आली की सोपवलेल्या कामाबाबत सदर कर्मचारी कोणतेही पाऊल उचलत नाही असे त्याच्याच डॉक्टरांनी कळवले असून त्याच्यावर कारवाई का करू नये. महोदय, मी काय खुलासा करावा? खरेच उचलत नाही.

५. मध्यंतरी विभागाने माझी तपासणी करवली, त्याबद्दल आभारी आहे. तिथे पायाचा फोटो काढला. हाड शाबूत निघाले व ‘पाय निर्दोष’ असा शेरा मिळाला. कमरेचा फोटो काढा असे मी म्हणालो, तर चिठ्ठीवर पाय लिहिला आहे, कंबर नाही, असे उत्तर मिळाले. डॉक्टरांनी मला माझ्या भाषेत समजावले होते की बल्ब चांगला आहे, तार वर दबली आहे. हेच मी तिथे सांगितले. तेव्हा तपासणारे म्हणाले, दिव्यांच्या तक्रारी दुसऱ्या विभागाकडे कराव्यात.

६. त्या नोटिशीवरची सुनावणी तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट अधिकाऱ्यांसाठी आहे. मी वेळेआधी निघून दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत पोहोचलो. तिथे कमरेतून अशी कळ निघाली की पायरीवर बसावे लागले. वरून शिपायाने नाव पुकारले. मी “आलो, आलो” म्हणत होतो. तो कठड्यावरून वाकून म्हणाला, “नुसतं आलो म्हणून चालत नाही, यावं लागतं.” मग आत गैरहजेरीचा शेरा वाचून दाखवला. जिन्यात आवाज छान घुमतो, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

७. माझी मूळ विनंती एवढीच होती की तळमजल्यावरच्या तक्रार खोलीत, जिथे बंद दिव्यांचे फोन घेतात, तिथली रिकामी खुर्ची मला द्यावी. शहरातला कुठला खांब कुठे आहे ते मला तोंडपाठ आहे. मागच्या आठवड्यात पाहून आलो. त्या खुर्चीवर आता फायली ठेवल्या आहेत आणि फायली ठेवायला दुसरी जागा नाही असे समजते. मी फायलींविरुद्ध तक्रार करत नाही.

८. माझी पत्नी रोज सकाळी बुटाच्या नाकाला नाडी बांधून ती गुडघ्याखालच्या पट्ट्याला अडकवते, म्हणजे पंजा वर राहतो. सपाट रस्त्यावर याचा उपयोग होतो. परवा शेजाऱ्यांच्या शिडीवर चढून पाहिले. दुसऱ्याच पायरीला नाडी सुटली, बूट पायरीखाली अडकला, आणि अडकला आहे हे मला खाली बघेपर्यंत कळले नाही. पत्नी शिडी धरून उभी होती. ती म्हणाली, “पाऊल मी बांधून देईन हो, पण कणा कुठून आणू?” नंतर ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला फार वाईट वाटले.

९. सोमवारी मी हजर होणार आहे. न झाल्यास नाव कमी होईल असे आदेशातच आहे आणि घरात दुसरे कमावणारे कोणी नाही. हा अर्ज शनिवारी पोहोचेल, रविवारी कार्यालय बंद असते, म्हणजे आदेश मागे घेण्याबद्दल मी विषयात लिहिले आहे ते रीत म्हणून. खरी विनंती वेगळी आहे. यापुढे माझ्याबद्दल काही लिहिण्याची वेळ आली तर कृपया ‘पाय घसरला’ असे लिहू नये. तसे लिहिले की दोष माझा ठरतो आणि पत्नीला विभागाकडून काही मिळत नाही. पावलाचाही उल्लेख नको. फक्त ‘पडला’ असे लिहावे. निवडणूक लढवण्याचा माझा विचार नसल्याने त्या शब्दाचा दुसरा अर्थ निघणार नाही. आणि तो कागद नेण्यासाठी पत्नीला तिसऱ्या मजल्यावर बोलावू नये, तिचे गुडघे दुखतात.

आपला,
ज्याचे डावे पाऊल आपणहून नम्र असते तो,
(सही)
वायरमन, दिवाबत्ती विभाग
दिनांक : हजर होण्याआधीचा शनिवार

सोबत :
१) डॉक्टरांचा मूळ कागद, भाषांतर न केलेला.
२) डाव्या पायाचा बूट, नाकाशी झिजलेला, नाडीसह. पाहून झाल्यावर तळमजल्यावर ठेवावा. सोमवारी शिडीवर चढण्यापूर्वी मी घेऊन जाईन, दुसरा जोड नाही.