गिटारची सेटिंग, फिटरच्या हातानं

२० मार्च २००६
माह्या पोरानं, संघदीपनं पुण्याहून गिटार धाडली. सेकंडहँड. त्याच्या दीपाची दहावीची परीक्षा संपली, म्हून बापाचं बक्षीस. एसटीच्या पार्सलनं आली. दिग्रस स्टँडवरून मीच खांद्यावर घेऊन आलो. लोक पाहून राह्यले. पाहू दे.

१४ एप्रिलले जयंतीच्या स्टेजवर दीपा गिटार वाजवून भीमगीत म्हणणार. बाप दोन वर्षांनं येणार, ते ऐकाले. पोट्टी तेच घोकून राह्यली. शिकली शाळेतल्या सरापाशी. सर बदलून गेले पुसदले.

तारा उलीसक उंच हायेत, बोटं दुखतात म्हणे. संघदीप फोनवर म्हणे, यवतमाळले दुकान हाय, तिथं द्या, आबा, तुम्ही हात लावू नका. कायले? कापसाच्या जिनिंगमधी सारी उमर फिटर होतो. हे तर लाकूड अन् सहा तारा. उद्या दुपारपर्यंत काम खतम.

२१ मार्च, दुपार
दोष सापडला. जिनमधी पट्टी रोलरले टेकली पाहिजे. फट राह्यली का सरकी रुईत जाते. इथं तार अन् खालच्या पितळी पट्ट्या यात ही फट! बनवणाऱ्याले सेटिंग समजतच नाही.

तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पांढरी पट्टी काढली, कानशीनं घासली. आता तारा साऱ्या पट्ट्यांले टेकल्या. बोटाले जोर नाही. फक्त घर्र असा आवाज येते. चांगली मशीन बोलतेच.

दीपा म्हणे, आबा, गाणं ऐकू नाही येत, घर्रच ऐकू येते. म्हटलं, दोन दिवसांत बसते. तिनं चहा देला, तोही डाव्या हातानं. किती खेपा सांगतलं. सवय काही जात नाही.

२४ मार्च
दीपा मावशीकडं बाभुळगावले गेली. बरं झालं, मधामधात बोलणारं कोणी नाही.

मोठी चूक सापडली. कॅसेटच्या दुकानात पोस्टर हाय, हिरो गिटार घेऊन उभा. त्याची जाड तार वरतं. आपली पाह्यली तर जाड तार खालतं! पुण्याच्या शहाण्यानं साऱ्या तारा उलट्या लावल्या. अन् संघदीप म्हणे दुकानात न्या.

साऱ्या काढल्या, सरळ लावल्या. जाड तार बारीक खाचेत बसेना. कानशीनं खाच मोठी केली. बारीक तार मोठ्या खाचेत नाचून राह्यली, खाली कागदाची घडी ठोकली. एक तार तुटली. नासिरच्या सायकल दुकानातून ब्रेकच्या वायरचा एक पदर आणला. नासिर आमच्याच जिनमधी इंजिनवर होता. म्हणे, उकंडाभाऊ, अब इसकू घंटी बी लगा दो, एक स्टँड बी. मी हासलो नाही. जिन बंद झाल्यापासून त्याची जबान भलकशी चालते.

माही घरवाली रुखमा म्हणे, पोट्टीले इचारा तरी. इचारून कधी मशीन दुरुस्त होते का?

३० मार्च
दीपा आली. गिटार उचलली. पाह्यली. फिरवून पाह्यली. आबा, तारा कोणं बदलल्या? मी सारं समजावून सांगतलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. खुशीनं असन.

मंग म्हणे, आबा, मले या हातानं... मी म्हटलं, हात गेला खड्ड्यात, पह्यले मशीन. नवी सेटिंग हाय, सवय कर. तिनं गिटार कव्हरात ठेवली. पोट्टी समजदार हाय.

२ एप्रिल
दीपा गिटार उलटी धरून बसली होती. जाऊन सरळ करून देली. थोड्या वेळानं पाह्यलं, पुन्हा उलटी. पुन्हा सरळ केली. वर्षभर त्या सरानं काय शिकवलं कोण जाणे.

५ एप्रिल, सकाळ
घर्र जात नाही. नऊ दिवस राह्यले. मले समजलं, लाकडाले सर्द लागला. ओला कापूस असला तर काय करतो आपण? ऊन दाखवतो. घरावरच्या टिनावर ठेवली. साधी गोष्ट, पण सुचाले अनुभव लागते.

त्याच दिवशी, ४ वाजता
टिनावर फाटकन आवाज. रुखमाले वाटलं डीपी उडाली. लाइन तर सकाळपासूनच नव्हती. वर जाऊन पाह्यलं. तारा बांधायची खालची लाकडी पट्टी उखडून लोंबून राह्यली. डिंकच खराब होता. आपल्या इथलं ऊन पुण्याच्या डिंकाले झेपत नाही.

६ एप्रिल
फेविकॉल लावलं. वरतून जात्याची दगडी पाळ ठेवली. दाबल्याशिवाय रुईची गठाण बसत नाही, तसंच हे.

७ एप्रिल
पाळ काढली. पट्टी चिकटली. पोटाचं लाकूड चिरलं. जराशीच चीर हाय. हवा खेळन.

१० एप्रिल
तारा ताणल्या का पट्टी उठते. ढिल्या केल्या का आवाज नाही. मधात काही सापडत नाही. जेवण जात नाही.  दीपानं भांडावं तरी. कपाटाकडं तोंड करून गुणगुणते, मी आलो का चूप.

जिनाले कुलूप लागल्यापासून कोणी मले एक बोल्ट आवळाले बलावलं नाही. फिटर म्हून कोणी हाक मारत नाही, नुसतं आबा. हे एक काम तरी माह्या हातून नीट झालंच पाहिजे. अजून चार दिवस हायेत. बुद्धवंदनेत बसलो तरी पट्टीच दिसते.

१३ एप्रिल
संघदीप आला. बॅग ठेवायच्या आधी कव्हर उघडलं. पाहतच राह्यला. मी सेटिंग समजावाले सुरू केलं. जिनची पट्टी, रोलर, फट. पूर्ण ऐकलं त्यानं. पोरगा ऐकणारा हाय.

मंग हळूच म्हणे, आबा, तारा उलट्या नव्हत्या. मीच पुण्याच्या दुकानात बदलून घेतल्या होत्या, खाचाही नव्या करवल्या. दीपू डावखुरी हाय.

मी म्हटलं, मले कोणी सांगतलं नाही.

रुखमा चुलीपासून म्हणे, सोळा वर्षांची झाली, रोज तुमच्या ताटात वाढून राह्यली, कोण्या हातानं वाढते?

दीपा म्हणे, राहू द्या जी, आबाले नका बोलू. ते बोलली नसती तर बरं होतं.

१४ एप्रिल
जय भीम.
दीपाचं नाव पुकारलं. रिकाम्या हातानं गेली. माइकवाल्यानं इचारलं, गिटार कुठं हाय? म्हणे, आबा दुरुस्त करून राह्यले. लोक हासले. नासिर नाही हासला. माह्या बाजूले येऊन बसला.

माइक डाव्या हातात धरला तिनं. पह्यल्या कडव्यात आवाज कापला. संघदीपनं खालून टाळी धरली, मंग साऱ्यांनं धरली. मी धरली नाही, मले ठेका पक्का समजत नाही. चांगलं म्हटलं पोट्टीनं. गिटार असती तर अजून चांगलं झालं असतं. हे मले लिहाले कोणी सांगतलं नाही, मीच लिहून राह्यलो.

१५ एप्रिल
संघदीप सकाळच्या गाडीनं गेला. गिटार घेऊन गेला. दुरुस्त होते का पाहतो म्हणे.

दीपानं चहा देला. डाव्या हातानं. घेतला.

पंखा करकर करून राह्यला. बेअरिंगच असन, दहा मिनिटाचं काम. पेचकस सापडत नाही. कानसही नाही. पानाही नाही. रुखमाले इचारलं. म्हणे, मले काय माहीत.