शून्य अधिक शून्य

३ मार्च, सकाळी ६
आजपासून शिस्त. परिषद २८ला. तिथे माझं प्रमेय जगापुढे: दोन गोंगाटी क्वांटम वाहिन्या एकेकट्या निकामी असतील, म्हणजे त्यांतून क्वांटम संदेश धड जातच नसेल, तर जोडूनही त्या निकामीच. लोकांना काही विचित्र अपवाद सापडलेत, पण मी अभ्यासतो त्या जातीच्या वाहिन्यांत ते अशक्य. अकरा वर्षं घासली यावर. सिद्धता झालीच आहे. चौथी पायरी तेवढी राहिलीय. किरकोळ.

सायं. ५
स्लाइड्सचं पहिलं पान तयार. फॉन्ट निवडण्यात दिवस गेला, पण सत्कारणी.

६ मार्च
माझी पीएचडीची विद्यार्थिनी दारात. मनातल्या मनात मी हिला हळूबाई म्हणतो. वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. सर, दोन मिनिटं आहेत का, म्हणाली. हातात कागद. रजेचा अर्ज, दुसरं काय! सोमवारी या म्हटलं.

१० मार्च, सोमवार
मागच्या जिन्याने घरी आलो. टाळत वगैरे नाहीये. गुडघ्यांना व्यायाम.

१४ मार्च
चौथ्या पायरीच्या जागी 'हे उघडच आहे' असं लिहून टाकलं. सुटसुटीत. बायको शाळेत भूमिती शिकवते. म्हणाली, अहो, उघड आहे तर दोन ओळींत मांडा ना. शाळेतल्या लोकांना संशोधन कळत नाही.

१९ मार्च
हळूबाईने मागच्या जिन्यातच गाठलं. अर्ज नव्हता. मला फळ्यापाशी नेऊन माझ्याच जातीच्या दोन वाहिन्या मांडल्या. ही निकामी, सर. हीपण निकामी. आणि जोडल्या की संदेश जातो. मी हसलो. कॉम्प्युटरवर विसंबू नये म्हटलं. हाताने केलंय सर, म्हणाली. तीनदा.

२२ मार्च
तिचं गणित पाच वेळा तपासलं. चूक सापडत नाही. म्हणजे फारच खोलवर असणार. जेवताना बायकोने विचारलं, चेहरा का उतरलाय? उन्हाने, म्हटलं. दिवसभर ढग होते.

२५ मार्च
विभागप्रमुखांनी तिचे कागद पाहिले. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या मनाने माझ्या भाषणातली दहा मिनिटं तिला देऊ केली.

२८ मार्च
तिने पन्नास घेतली. थांबेचना! लोक उभे राहून ऐकत होते. प्रश्नांना उत्तरं द्यायला मी उठलो, तर माइक तिच्याकडे. चांगली बोलते. हे फक्त इथेच लिहितोय.

३१ मार्च
पेपरवर सहलेखक म्हणून तुमचं नाव घालू का सर, तिने विचारलं. नको म्हटलं. उद्या चूक निघाली तर फजिती कोणाची?

९ एप्रिल
सापडली! पान सात, ओळ तीन. तडक जाऊन दाखवली. तिने लगेच दुरुस्त केली.

१६ एप्रिल
पेपर ऑनलाइन आला. शेवटी आभार. आधी आईबाबांचे, मग विभागप्रमुखांचे, मग माझे: 'पान सातवरील स्वल्पविरामाबद्दल.' बायकोने ते दोनदा मोठ्याने वाचलं. किती मनापासून लिहिलंय हो पोरीने, म्हणाली.

आत्ता पुन्हा नीट पाहिलं. तिथे स्वल्पविराम नकोच होता.